टायर नेमकं कुठे घासतंय?

लोअर केलेल्या, म्हणजे स्प्रिंग बदलून जमिनीजवळ आणलेल्या, गाड्यांवर या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेकांना घासतंय कुठे हे बघण्याआधीच काय कापायचं ते विचारायचंय.

प्रश्न : स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग आणि १७ इंची अलॉय टाकले. मूळ टायर १८५/६५ आर १५ होते, आता २१५/४५ आर १७ आहेत. दुकानदार म्हणाला, उंची तीच आहे, घासणार नाही. तरी सात रस्त्याजवळ यू-टर्न घेताना पुढून खर्रर्र आवाज येतो. (जुळे सोलापूर)

उंचीबद्दल दुकानदार खरं बोलला. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. जुना टायर सुमारे ६२२ मिलिमीटर उंच, नवा ६२५. घोळ आहे तो रुंदीत आणि ऑफसेटमध्ये. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते; तो कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा ६ इंच रुंदीची, ४५ ऑफसेटची रिम काढून ७ इंची, ३५ ऑफसेटची बसवली, तर बाहेरची कड जवळपास २३ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली जेमतेम ३ मिलिमीटर आत जाते. तुमच्या रिमचा ऑफसेट मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. तो वाचा.

मग टायरच्या दोन्ही कडांना आणि बाजूंना खडू फासा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे तोडून गाडी पायी चालल्यासारखी पुढे-मागे घ्या. खडू कुठे पुसला आणि कुठे लागला, यावरून पुढचं ठरतं.

मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागला असेल तर काम सोपं. बऱ्याचदा एखादी क्लिप तुटून ते प्लास्टिक लोंबत असतं. नसेल तर हीट गनने मऊ करून मागे दाबता येतं. कापायचंच झालं तर आधी ते उतरवून मागे बघा. काही गाड्यांत तिथे वायरिंग किंवा वॉशरची टाकी असते.

टायरची आतली बाजू शॉकअपला किंवा स्प्रिंगच्या वाटीला घासून चकचकीत झाली असेल, तर मात्र गाडी आहे तिथेच उभी करा. आतल्या बाजूला पडत जाणारा काप बाहेरून दिसत नाही आणि टायर फुटतो हायवेवर. इथे आतली जागा वाढवायला ५ मिलिमीटरचा चांगला स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी, चाक बाहेर ढकलणारी चकती) चालतो, पण नट किंवा बोल्ट पुरेसे आटे धरतात ना, ते तपासूनच. घासणं बाहेरच्या बाजूला असेल तर स्पेसर म्हणजे दुखणं वाढवणं.

मला विचाराल तर २०५/४५ आर १७ घ्या. टायर १० मिलिमीटर अरुंद आणि सुमारे ९ मिलिमीटर बुटका होतो. तेवढ्यात अनेक गाड्यांचं घासणं थांबतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मात्र बघून घ्या. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. मूळ टायरवर ८८ असेल तर त्याखाली जाऊ नका.

प्रश्न : एकटा असताना काहीच नाही. घरचे चौघे बसवून तुळजापूरला निघालो की स्पीडब्रेकरवर मागून घासतं. मडगार्डची कड ठोकून घेऊ का? (विजापूर नाका)

ठोकून तर अजिबात नको. कड आत दुमडायची तर हबला बसणारा रोलर हवा आणि रंग हीट गनने गरम करत सावकाश काम हवं. थंड रंगावर हातोडी पडली की तडे जातात, दोन पावसाळ्यांत गंज दिसतो. पुढचा फेंडर बोल्टचा असतो, बिघडला तर बदलता येतो. मागचा भाग बॉडीलाच वेल्ड केलेला, तिथली चूक डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं घर भरते.

त्याआधी डिकीत ज्वारीची दोन पोती टाकून मागे दोघांना बसवा आणि चाक व कड यांत किती बोटं उरतात ते बघा. बंपस्टॉप, म्हणजे सस्पेन्शन तळाला आपटू नये म्हणून लावलेले रबरी ठोकळे, जागेवर आहेत का तेही पाहा. लोअरिंग करताना ते काढून फेकणारे महाभाग आहेत. कुटुंबाची गाडी असेल तर मी मागून १० मिलिमीटर उचलेन. गाडी थोडी कमी झोकदार दिसेल, दिसू द्या.

प्रश्न : गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंगचे दीड वेढे कापू, स्वस्तात काम होईल. (होटगी रोड)

नको. कापलेली स्प्रिंग कडक होते, वाटीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबलं की सैल पडते. शॉकअपही तळाशी आपटून लवकर जातात. पैसे नसतील तर गाडी आहे त्या उंचीवर छान आहे.

प्रश्न : मे महिन्यात टायर गरम होऊन फुगतो म्हणून घासतो का? हवा कमी ठेवली तर? (अक्कलकोट रोड)

नाही. रेडियल टायरच्या पोटात स्टीलचे पट्टे असतात, उन्हाने त्याची उंची जाणवण्याइतकी वाढत नाही. दाब वाढतो, पण तो वाढणार हे धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. हवा कमी केली की बाजू जास्त दबते, बाहेर फुगते, उलट जास्त घासते आणि आतून तापते. सोलापूरच्या चाळीसच्या पुढच्या उन्हात, भरल्या गाडीने, हायवेवर हे म्हणजे टायर फोडायची तयारी. शिवाय १७ इंची रिमला खड्ड्यापासून वाचवायला रबर आधीच कमी उरलेलं असतं. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा.

प्रश्न : लोअर केल्यापासून पुढचे टायर आतून टक्कल पडल्यासारखे झालेत, घासत मात्र नाहीत. (बार्शी)

अलाइनमेंट केलीच नसेल. उंची बदलली की कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते) दोन्ही बदलतात, आणि टायर जास्त खातो तो टो. नव्या स्प्रिंगा काही दिवस चालून बसल्या की अलाइनमेंट पुन्हा एकदा करा.

प्रश्न : आरटीओ पकडतं का? (नवी पेठ)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे एमएच १३ असो की १२, धोका आहेच. त्याहून मोठी डोकेदुखी विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर चाकं बघतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप घेतलंत तर निदान बोलायला जागा राहते. मूळ रिमा आणि स्प्रिंगा मात्र भंगारात घालू नका.