स्पितीला जायचंय? आधी ऐरोलीला जाऊन ये

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी सायन्स झाला, आता म्हणतो इंजिनिअरिंग नको, जंगलात जाऊन प्राण्यांवर शॉर्ट फिल्म्स करायच्यात, हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीला हिमबिबट्या शूट करायचाय, त्यासाठी दोन लाखांचा कॅमेरा घ्या. बाबा म्हणतात हे सगळं फॅड आहे. आणि तुम्ही मधल्या मध्ये.

फॅड आहे की नाही ते मला इथे बसून नाही सांगता येणार, पण कळायचा एक स्वस्त मार्ग आहे. कॅमेरा अजिबात घेऊ नका. तुम्ही भांडुपला राहता ना, मग खाडी दाराशीच आहे. ठाणे खाडीचा तो पट्टा 2015 ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला, आणि पोराला स्पिती हवंय! त्याला म्हणावं, फोनवर तीन मिनिटांची फिल्म कर, आणि तीही फ्लेमिंगोवर नको, ते सगळेच करतात. निवटीवर कर.

निवटी म्हणजे तीच, कोळणींच्या पाटीत असते ती, चिखलावर सरपटणारी मासळी. ओहोटीला बिळातून बाहेर येते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते, नर पाठीवरचे पर उभारून उड्या मारतात. पण हे दिसायला ओहोटीची वेळ बघून जावं लागतं, ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सकाळी सातला जमलं तर आठवड्याने भर दुपारी ऊन डोक्यावर असताना, आणि त्या उन्हात चिखल असा चमकतो की फोनमध्ये काहीच दिसत नाही. आपण जरा हललो की सगळ्या बिळात गप्प. मग बसा. हे बसणं त्याला आवडलं तर पुढचं बोलू, दोन रविवारांत कंटाळला तर दोन लाख वाचले. खाडीपलीकडच्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात आधी विचारून घेऊ दे शूटिंग चालतं का, आणि चिखलात उतरायचं नाही, पाय रुततो.

आता स्पितीबद्दल. तिथलं किब्बर गाव साधारण 4,200 मीटरवर आहे, पोचल्यावर पहिले काही दिवस नुसतं शरीराला सवय लावण्यात जातात. हिमबिबट्या शोधतो तो गावातला माणूस, ज्याची नजर त्या कड्यांवर लहानपणापासून बसलीये, आपण नाही, त्यामुळे त्याचे पैसे बजेटमध्ये पहिले धरायचे, आणि लेन्स मग. थंडीत बॅटऱ्या धडाधड उतरतात म्हणून त्या अंगाजवळ कपड्यांत ठेवतात. संध्याकाळी गार कॅमेरा गरम खोलीत उघडला की लेन्सवर, कधी आतसुद्धा, पाणी धरतं, तो बॅगेत बंदच ठेवून हळूहळू गरम होऊ द्यायचा. रोज रात्री फुटेजच्या दोन कॉपी, दोन वेगळ्या बॅगांत. तिथे सर्व्हिस सेंटर नाही आणि बऱ्याच ठिकाणी नेटवर्कही नाही. हे सगळं एखाद्या अनुभवी टीमबरोबर ट्रायपॉड वाहत शिकलेलं बरं, एकट्याने जाऊन नव्हे.

परवानगीचंही सांगून ठेवते, कारण मुलं हे विसरतात. अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कमध्ये फिल्म करायची तर वनविभागाची लेखी परवानगी आणि फी लागते, आपल्या बोरिवलीच्या पार्कातही. ड्रोन तर मनात आला म्हणून उडवायचाच नाही. घरट्याजवळ जाणं, स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं, बेडूक उचलून छान पानावर ठेवणं, यातलं काही केलं तर तो माझ्या लेखी फिल्ममेकर नाही, मग शॉट कितीही भारी असो.

शिक्षण म्हणाल तर बाबांसाठी चांगली बातमी आहे, डिग्री करावीच लागणार. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एफटीआयआयच्या सिनेमॅटोग्राफी, एडिटिंगच्या पदव्युत्तर कोर्सला पदवी लागते, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या वन्यजीव एमएस्सीलाही लागतेच. माझं मत, बीएस्सी झूऑलॉजी किंवा लाइफ सायन्सेस घ्यावं आणि सोबत एडिटिंग शिकावं, कारण प्राणी काय करतोय हे न कळणाऱ्याचे शॉट नुसते सुंदर असतात, गोष्ट होत नाही. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, 1883 पासून इथेच मुंबईत आहे, त्यांच्या नेचर ट्रेल्सना जाऊ दे, तिथे माणसं भेटतात, आणि या धंद्यात कामं ओळखीतूनच येतात.

पैसा सुरुवातीला कमी आणि अनियमित असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. बरेच जण लग्नाचे, कॉर्पोरेटचे शूट करून जंगलाचा खर्च काढतात, आणि एडिटिंग येणाऱ्याला काम त्यातल्या त्यात लवकर मिळतं. कॅमेरा पुढे लागेल तेव्हा अंधेरीत भाड्याने मिळतो, लांब लेन्ससकट, विकत घेण्याची घाई करायची नाही.

बाबांना सांगा, कॉलेजची ॲडमिशन आधी घेऊया, निवटीची फिल्म पावसाळ्याआधी. झाली की मला लिंक पाठवा. कच्चं फुटेजही चालेल, उलट तेच आधी बघेन.