वडोदऱ्यात फ्लॅटमध्ये नेदरलँड ड्वार्फ ससा पाळावा का?

पिंजरा केवढा हवा आणि सहा वर्षांची मुलगी सशाचं सगळं करेल का, असं विचारलंय तुम्ही. मुलगी नाही करणार. तुम्हालाच करावं लागेल. हे मान्य नसेल तर ससा आणू नका.

आमच्या दांडिया बाजारच्या घरी चिंगी होती, याच बुटक्या जातीची ससीण. वजन जेमतेम एक किलो, कान माझ्या बोटाएवढे. दादा सुरतहून आला की त्याचं एकच: "जनावर आहे, भूक लागली की खाईल." एका भाऊबीजेच्या आदल्या रात्री त्याने लाडाने तिला शेव आणि पोळीचे तुकडे चारले. सकाळी तिने गवताला तोंड लावलं नाही. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती, कान गार. मी म्हटलं, आत्ता डॉक्टरकडे नेऊ. दादा म्हणाला, सणाचं घर भरलंय, उद्या बघू. मी ओवाळणीचं ताट टाकून निघायला हवं होतं. निघाले नाही, ते अजून खुपतं. संध्याकाळी ती कोपऱ्यात आखडून दात करकरवायला लागली, तेव्हा रिक्षा केली.

डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाइन दिलं. मग तीन रात्री दर तीन तासांनी मी सिरिंजने भरवत होते. चौथ्या पहाटे चार बारीक लेंड्या सापडल्या. त्या तळहातावर घेऊन दादाला उठवलं. तरी तो आजही म्हणतो, "आपोआप बरी झाली असती." नसती झाली. सशाचं आतडं चाऱ्यावर सतत चालू असावं लागतं. पिठूळ खाण्याने वायू धरतो, पोट दुखतं, दुखलं की खाणं सुटतं आणि खाणं सुटलं की आतडं आणखी मंदावतं. त्याला ओकताही येत नाही. बारा तास खाल्लं नाही तर उद्यावर टाकायचं नाही, मग घरात कोणीही काहीही म्हणो.

खायला मुख्यतः सुकं गवत, दूर्वाही चालतात. दात आयुष्यभर वाढतात, ते चावूनच झिजतात. रस्त्यावर गाईंसाठी मिळतो तो रजको, म्हणजे लसूणघास, पूर्ण वाढलेल्या सशाला रोज घालू नका, त्यात कॅल्शियम फार, लघवी गढूळ होते. गाजर म्हणजे खाऊ, जेवण नव्हे.

आणि हो, दुकानात "एवढाच राहील" म्हणून साधी पिल्लंही विकतात. आमच्या शेजाऱ्यांचं तसलं पिल्लू वर्षभरात अडीच किलोंचं झालं. सशांवर उपचार करणारे डॉक्टर आधी शोधा. अमॉक्सिसिलिन हे माणसांना सर्रास देतात ते अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर सशाचा जीव जाऊ शकतो. मे महिन्यात कूलर किंवा एसीची सोय नसेल तर या गावात ससा नकोच, तिशीच्या वर पारा गेला की त्याला सोसत नाही.

पिंजऱ्याचं म्हणाल तर तीन उड्या मारता याव्यात आणि मागच्या पायांवर उभं राहता यावं एवढा तरी हवा. दिवसाचे चार तास तरी बाहेर मोकळं सोडा, विजेच्या वायरी आधी उचलून.