वाचकांचे प्रश्न : जमवलेली सिनेमाची पोस्टरं अभ्यासाच्या कामी कशी येतील?

प्रश्न : नमस्कार. मी बऱ्याच वर्षांपासून सिनेमाची जुनी पोस्टरं जमवतोय. जास्त करून अमेरिकन वन-शीट (थिएटरबाहेर लावायची उभी पोस्टरं), काही ब्रिटिश क्वाड (तिकडची आडवी पोस्टरं), थोडी लॉबी कार्डं (थिएटरच्या आत लावायची छोटी चित्रं) आणि एक खोकं भरून स्टिल फोटो, म्हणजे सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले फोटो, त्यातल्या कितीतरी फोटोंवर सिनेमाचं नावच नाहीये. मला यातलं काही विकायचं नाही, पण सिनेमाच्या इतिहासावर काम करणाऱ्या लोकांना ह्याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं. सुरुवात कुठून करू? आधी चांगला स्कॅनर घेऊ की वेबसाइट बनवू? आणि फाटकी, डुप्लिकेट पोस्टरं काढून टाकू का?

उत्तर : फाटकी आणि डुप्लिकेट अजिबात काढू नका, का ते पुढे सांगते. स्कॅनर आणि वेबसाइट दोन्ही नंतर, आधी यादी. साधी स्प्रेडशीट घ्या, एका वस्तूला एक ओळ आणि प्रत्येकीला एक कायमचा नंबर, जो पुढे कधीच बदलायचा नाही आणि दुसऱ्या कशाला द्यायचाही नाही. अभ्यासकाला तुमच्याकडे किती भारी पोस्टर आहे त्यापेक्षा त्याच्याबद्दल तुम्ही जे सांगताय ते कशावरून सांगताय हे जास्त महत्त्वाचं असतं, म्हणून रकाने सुरुवातीपासून दोन गटांत ठेवा. एका गटात फक्त जे कागदावर छापलंय, शिक्का आहे, हाताने लिहिलंय ते, अक्षर न अक्षर, स्पेलिंगच्या चुकांसकट. दुसऱ्या गटात तुम्ही लावलेला अर्थ, म्हणजे साल, देश, पहिलं रिलीज की पुन्हा रिलीज, आणि प्रत्येकासमोर तो कशावरून लावला ते. हे दोन एकत्र झाले की यादी तुमच्याशिवाय कुणाला वापरता येत नाही. बहुतेक खाजगी संग्रह इथेच अडकलेले असतात, माहिती सगळी मालकाच्या डोक्यात.

आता एक वन-शीट टेबलावर पसरा आणि मधलं चित्र सोडून सरळ खालच्या पांढऱ्या पट्टीकडे या. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ५४/३१२ असा आकडा दिसेल. १९२० मध्ये सुरू झालेली नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी साधारण १९४० पासून बहुतेक मोठ्या अमेरिकन स्टुडिओंची पोस्टरं थिएटरांना पुरवायची, हा तिचा नंबर. पहिला भाग साल आणि दुसरा त्या वर्षातला अनुक्रम. आधी आर असेल तर पोस्टर पुन्हा रिलीजचं, आर५४ म्हणजे १९५४ मध्ये परत आलेल्या जुन्या सिनेमाचं, आणि तिथे सिनेमाचं मूळ साल लिहून मोकळं झालं की पुढचा सगळा अभ्यास चुकतो. थिएटरवाले ही पोस्टरं बहुतेक वेळा भाड्याने घ्यायचे, वापरून परत करायचे, तीच पुढच्या गावाला जायची, आणि २७ बाय ४१ इंचाचा कागद एक उभी आणि तीन आडव्या घड्या घालून पाठवला जायचा. त्यामुळे घड्या, भोकं, मागचे शिक्के ही त्या पोस्टरच्या प्रवासाची नोंद आहे, ती खराबी म्हणून एका शब्दात उरकू नका, कुठे काय आहे ते लिहा.

त्याच पट्टीत छापखान्याचं नाव सापडतं, पत्ता असेल आणि त्यात झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिन कोड, असेल तर कागद १९६३ च्या आधीचा असूच शकत नाही कारण झिप कोड तेव्हा सुरू झाले. रेटिंगची खूण, म्हणजे सिनेमा कुठल्या वयाच्या प्रेक्षकांसाठी ते सांगणारी अक्षरं, हीसुद्धा अशीच कामाची. अमेरिकेतली रेटिंग पद्धत नोव्हेंबर १९६८ ची, जीपी हे अक्षर १९७० ते १९७२ एवढंच चाललं, पीजी-१३ जुलै १९८४ पासून. ब्रिटिश क्वाडवर एक्स सर्टिफिकेट असेल तर १९५१ ते १९८२ च्या दरम्यानचं. क्वाडचं माप ३० बाय ४० इंच, आडवं, पण माप पुस्तकातलं न लिहिता टेप लावून मोजलेलं लिहा, कारण कडा कापलेल्या असल्या तर फरक तिथेच कळतो.

नाव नसलेल्या स्टिल फोटोंचं खोकं, माझ्या मते, तुमच्याकडची सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा ११८४-३७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. स्टुडिओ प्रत्येक सिनेमाला एक कोड द्यायचे, बरेचदा नाव ठरायच्याही आधी, आणि डॅशनंतरचा आकडा म्हणजे त्या सिनेमाच्या फोटोंमधला क्रमांक. त्यामुळे एखाद्या कोडचा एक जरी फोटो पक्का ओळखता आला, मागे कॅप्शनची चिठ्ठी चिकटवलेली असते त्यावरून किंवा नटांवरून, तर त्याच कोडचे बाकीचे सगळे फोटो एका फटक्यात ओळखीचे होतात. मात्र तोच आकडा दुसऱ्या स्टुडिओनेही वापरलेला असू शकतो, म्हणून कोडच्या शेजारी स्टुडिओचा रकाना हवाच, आणि स्टुडिओ कशावरून ठरवला तेही. अशी कोड, स्टुडिओ, सिनेमा आणि पुरावा यांची यादी तुम्ही केलीत ना, तर जगात कुठेही कुणी असाच अनोळखी फोटो हातात घेऊन बसलं असेल त्याला ती थेट वापरता येईल. फोटो स्कॅन व्हायच्या आधी नुसती यादीसुद्धा लोकांना द्या, वाट बघू नका.

आता फाटकी आणि डुप्लिकेट. एकाच पोस्टरच्या दोन प्रती अभ्यासकाला सारख्या नसतात. एकीवर थिएटरचं नाव आणि तारखांची पट्टी चिकटवलेली असते, विंडो कार्डच्या, म्हणजे दुकानांच्या खिडकीत लावायच्या छोट्या पोस्टरच्या, वरच्या कोऱ्या जागेत स्थानिक छापखान्याने कुठल्या वारी कुठे खेळ ते छापलेलं असतं, कुठे नटाच्या नावावर दुसरा कागद लावलेला असतो. सिनेमा कुठपर्यंत, किती उशिरा आणि कुणाच्या नावावर पोचला हे शोधणाऱ्याला हाच पुरावा लागतो, आणि स्वच्छ कोऱ्या पोस्टरवर तो नसतो. म्हणून पट्ट्या काढू नका, धुऊ नका. आणि कापडावर चिकटवून घेणार असाल तर आधी मागच्या बाजूचा फोटो काढा, नंतर ती बाजू दिसत नाही. रंग भरून दुरुस्ती केली असेल तर कुठे केली ते यादीत आलंच पाहिजे.

फोटोंबद्दल थोडक्यात. एवढं मोठं पोस्टर घरगुती स्कॅनरवर मावत नाही आणि तुकडे जोडत बसू नका, कॅमेरा समोर सरळ धरून दोन्ही बाजूंनी ४५ अंशातून प्रकाश टाका, फ्लॅश नको, फ्रेममध्ये रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवा, चारही कडा दिसू द्या कारण कामाची माहिती कडेलाच असते, आणि खालच्या पट्टीचा वेगळा क्लोजअप घ्या. मूळ टिफ फाइलला हात लावायचा नाही, बघायला जेपेग वेगळी, फाइलचं नाव म्हणजे तोच कायमचा नंबर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

रकान्यांची नावं मनाने ठरवण्याआधी डब्लिन कोअर या नोंदी लिहायच्या प्रमाण पद्धतीतले १५ रकाने बघून घ्या, लायब्ररींना ते ओळखीचे आहेत त्यामुळे तुमची यादी पुढे त्यांच्या सिस्टिममध्ये सहज जाते. एकाच सिनेमाला देशागणिक वेगळं नाव असतं, म्हणून नावासोबत विकिडेटा या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन माहितीसाठ्यातला त्या सिनेमाचा क्रमांकही टाका. लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्सची मार्गारेट हेरिक लायब्ररी आणि ऑस्टिनचं हॅरी रॅन्सम सेंटर यांच्याकडे पोस्टरांचे मोठे संग्रह आहेत, ते नोंदी कशा लिहितात ते त्यांच्या कॅटलॉगात वाचा, एका संध्याकाळीत खूप शिकायला मिळतं.

कॉपीराइटचं लक्षात ठेवा, कागद तुमचा आहे, चित्राचे हक्क तुमचे नाहीत. अमेरिकेत १९३० पर्यंत प्रकाशित झालेलं काम २०२६ पासून मुक्त आहे, त्यापुढच्या पोस्टरांचं एकेक करून बघावं लागतं आणि प्रत्येक देशाचा नियम वेगळा. साल, माप, नंबर, छापखाना ही माहिती मात्र बिनधास्त सगळ्यांना द्या.

प्रश्न : माझ्याकडचं पोस्टर मूळ आहे की नंतरची कॉपी, हे यादीत कसं ठरवून लिहू?

उत्तर : दहापट दिसेल असं भिंग घ्या आणि चित्राआधी बारीक अक्षरं बघा. मूळ छपाईत अक्षरं सलग शाईची आणि कडा साफ असतात, जुनं पोस्टर स्कॅन करून छापलेल्या कॉपीत अक्षरंही ठिपक्यांत फुटलेली दिसतात. मग घड्यांवरून बोट फिरवा, कॉपीत घडीची रेघ नुसती दिसते, बोटाला काही लागत नाही, कारण ती मूळ पोस्टरच्या घडीचा फोटो असते. माप २४ बाय ३६ भरलं तर ते दुकानात विकायला छापलेलं असण्याची शक्यता खूप. जुन्या लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून केलेल्या छपाईत, ठिपक्यांच्या रांगांऐवजी खडूसारखा ओबडधोबड कण दिसतो. ठरत नसेल तर 'अनिश्चित' लिहा आणि काय दिसलं ते लिहा, ती नोंदही पूर्णच धरतात. आणि कॉपी निघाली तरी यादीतून उडवू नका, कॉपी म्हणून नोंदवा, तशीच दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्याला ओळखायला मदत होते.

प्रश्न : फाटलेल्या जागी सेलोटेप लावली आणि मग लॅमिनेट केलं तर टिकेल ना?

उत्तर : नाही हो, दोन्ही नको. सेलोटेपचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि लॅमिनेशन एकदा केलं की धडपणे निघत नाही. पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत. पॉलिएस्टरची पारदर्शक स्लीव्ह, आत आम्लरहित कागदाचा आधार, उन्हापासून लांब, आडवं ठेवलेलं, एवढं पुरतं. नंबर स्लीव्हवर लिहा, आणि कागदावरच लिहायचा असेल तर मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने, दाब न देता.