पोरांना काम कधी शिकवायचं? (तुमचे प्रश्न)

निकाल लागले, ॲडमिशनची पळापळ सुरू झाली आणि पत्रांचा ढीग आला. यावेळी बहुतेकांचं दुखणं एकच, पोरगं शिकलं खरं पण कामाला कसं लागणार. चार पत्रं घेतलीत, नावं काढून टाकलीत.

ताई, मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, मार्क चांगले आहेत. चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला आणि दोन महिन्यांत सोडून आला. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो, दिवसभर उभं राहावं लागतं, शिफ्ट झेपत नाही म्हणतो. आम्ही त्याला घरात कधी इकडची काडी तिकडे करू दिली नाही, तू फक्त अभ्यास कर म्हणायचो. आता त्याचे बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. – एक आई, चिंचवड

आधी बाबांना बोलायला लावा. अबोल्याने कुणी कामाला लागलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग त्याला शांतपणे विचारा की नक्की काय झालं, कारण सगळा दोष पोराचाच असतो असंही नाही. ट्रेनी म्हणून घ्यायचं आणि हेल्परचं काम करून घ्यायचं, शिकवायचं काहीच नाही, हे प्रकार भरपूर चालतात. ॲप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याखाली घेतलं असेल तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, आणि २०१९ च्या नियमांत डिग्रीवाल्याला महिन्याला किमान ९ हजार स्टायपेंड ठरवून दिला होता. त्याच्याकडे करार होता की नुसतं ऑफर लेटर, ते बघा.

पण तुम्ही स्वतःच लिहिलंय ना, इकडची काडी तिकडे करू दिली नाही. मी बरीच वर्षं कंपनीत नवीन पोरं घ्यायचं काम केलंय, टेक्निकल कमी पडलं म्हणून गेलेली थोडी, जास्त गेली ती भलत्याच गोष्टींनी. येत नसेल तर विचारायचं नाही, उशीर होणार असेल तर आधी फोन करायचा नाही, पीस बिघडला की गुपचूप बाकीच्यांच्या खाली सरकवून द्यायचा, आणि फोरमन त्या पीसवरून ओरडला की आपला अपमान झाला म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसायचं. हे कुठल्याच सेमिस्टरला नसतं. हे घरात शिकतात, पण 'जरा मदत कर रे' म्हणून नाही, मदत म्हणजे सांगितलं तेवढंच. एक अख्खं काम त्याच्यावर सोडा. मेडिक्लेमची फाइल घ्या, रिन्यूअल, कागद, एजंटला फोन, पैसे कधी भरायचे, सगळं त्याच्याकडे. गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी, सर्व्हिसिंग पण त्याच्याकडे. आणि तो विसरला तर तुम्ही मागून जाऊन हळूच उरकून टाकू नका, आयांना हेच जमत नाही.

शाळेलाही मी सोडणार नाही. कार्यानुभव नावाचा विषय होता, त्याच्या वस्तू आदल्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळायच्या, आई-बाप रात्री बसून चिकटवायचे आणि मार्क पोराला! आणि हे कुठे, तर जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबाची पोरं स्वतः राबून शिकली त्या महाराष्ट्रात. पाबळचा विज्ञान आश्रम घ्या, शिरूर तालुक्यातला, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. तिथली पोरं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, पोल्ट्री शिकतात आणि गावातल्या लोकांची खरी कामं घेतात. गेट वाकडं बसलं तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, तिथे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाची गरजच काय.

पुढची नोकरी शोधताना मोठ्या नावाच्या मागे नका लागू. भोसरीत एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये वर्षभर काढू दे, पगार कमी मिळेल पण तिथे मालक स्वतः मशीनवर उभा असतो आणि कोटेशनपासून डिस्पॅचपर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडतं.

दहावीला ७१ टक्के आहेत. मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. पप्पा म्हणतात निदान डिप्लोमा तरी कर, आत्या म्हणते मुलीने खांबावर चढायचं का. – बार्शी

आत्याला सांग, इलेक्ट्रिशियन म्हणजे फक्त खांब नव्हे, पॅनल वायरिंग, मोटर, कंट्रोल, सोलर, फॅक्टरीतलं मेंटेनन्स, आणि चढायचंच झालं तर सेफ्टी बेल्ट मुलींनाही बसतो.

पप्पांसाठी हे. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, तो झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळू शकते, म्हणजे डिप्लोमा कुठे पळून जात नाही, फक्त तू पक्कड आणि मल्टिमीटर हातात घेऊन तिथे जाशील. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, ती सोय आहेच. सरकारी भरतीवर डोळा असेल तर जाहिराती आत्ताच वाचायला लाग, काही ठिकाणी आयटीआयसोबत बारावीही मागतात.

ॲडमिशनचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी एकदा त्या आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जाऊन ये. तुझ्या ट्रेडला निदेशक, म्हणजे शिकवणारे सर, आहेत का पोस्ट रिकामी आहे, मोटरी चालू आहेत का झाकून ठेवल्यात, मागच्या बॅचची पोरं कुठे लागली, एवढं विचार. बिल्डिंगचा रंग बघून यायचं नाही.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पंधरा वर्षांचा मुलगा संध्याकाळी दोन तास दुकानात बसतो, त्याला आवडतं. सर म्हणतात अभ्यास बुडेल, मेव्हणे म्हणतात बालमजुरी होते. – लातूर

मेव्हण्यांचं आधी. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला बंदी आहे, घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावला तर चालतं, तेही काम धोक्याचं नसेल तर. चौदा ते अठराला धोक्याची कामं बंद. तुमचा पंधराचा आहे, गल्ल्यावर बसला तर बिघडत नाही, पण ॲसिडचे कॅन आणि माळ्यावरचे पाइप त्याला काढायला लावू नका, तेवढं मात्र पक्कं.

सरांचंही अगदीच खोटं नाही, दहावीचं वर्ष असेल तर दोनचा एक तास करा. पण त्या तासात त्याला नुसतं बसवू नका. उधारीची वही त्याच्याकडे द्या, कुणाला किती दिवस थांबायचं आणि मागताना कसं बोलायचं हे कळू दे, जीएसटीचं बिल करू दे, पाइपच्या अर्ध्या इंचाच्या एल्बोवर किती पैसे सुटतात ते काढू दे. आणि पैसे द्या हो त्याला, थोडे का होईना, ठरवून. घरचा आहे म्हणून फुकट राबवलेली पोरं पुढे दुकानाकडे फिरकत नाहीत, तुमच्याच बाजारात बघा.

नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, आसपासची कामं बघायला-शिकायला. आमची खेड्यातली शाळा, जवळ कारखाना नाही. न्यायचं कुठे? – एक शिक्षक, निफाड तालुका

सर, तुम्ही निफाडला बसून हे विचारताय? लासलगावची बाजार समिती तुमच्या अंगणात आहे, कांद्यासाठी देशात नाव असलेली. सकाळी लिलावाला न्या. बोली कशी लागते, काटा कुठे होतो, हमाल, व्यापारी, आडते काय काय करतात, कोण कुणाला पैसे देतं, दहा-बारा पोरांचा एकेक गट करून एकेका माणसाच्या मागे सोडा. मग वर्गात खरी हिशोबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळते ती पावती, घ्या, पोरांच्या घरी सापडेलच, आणि हमाली-तोलाई कापली असेल तर ती जाऊन हातात काय उरलं ते त्यांनाच काढायला लावा, भाडं आणि बियाणं पण लिहा त्यात. बाकीच्या दिवसांना मोटर रिवाइंडिंगवाला, शिलाईवाल्या ताई, रोपवाटिका, पोस्ट.

फक्त एका दिवशी अख्खी शाळा नेऊ नका, लिलावात ट्रॅक्टरची गर्दी असते. समितीच्या सचिवांना आधी पत्र द्या आणि पालकांची लेखी परवानगी घ्या.