चारशे डॉलरच्या रायफलवर पावणेचारशेचा स्टॉक: करावा का हा खर्च?

तुमचं पत्र नीट वाचलं. तुम्ही पिट्सबर्गजवळ राहता, ग्रीन कार्ड मिळाल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केलात आणि गेल्या वर्षी .308 मापाच्या गोळीची सॅव्हेज ॲक्सिस रायफल स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) साधारण 400 डॉलरला घेतलीत. शंभर यार्डांवर तिच्या गोळ्या अडीच इंचांत पडतात. कंपनीचा काळा प्लास्टिकचा स्टॉक, म्हणजे नळी ज्यावर बसते आणि जो खांद्याला टेकतो तो भाग, हाताला पोकळ लागतो, म्हणून बॉइड्स कंपनीचा लॅमिनेट लाकडाचा स्टॉक 230 डॉलरला घ्यायचा आणि गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) 150 डॉलरमध्ये बेडिंग, म्हणजे रायफल स्टॉकमध्ये न हलेल अशी पक्की बसवणं, करून घ्यायचं, असे एकूण 380 डॉलर तुमच्या डोक्यात आहेत. हे पैसे कार्डावर जातील. त्या कार्डावर 24 टक्के दराची 1,800 डॉलरची बाकी आधीच आहे आणि तुम्ही महिन्याला 150 भरता.

मित्रांनी सांगितलं की रायफलच्या किमतीएवढा खर्च तिच्या स्टॉकवर करणं वेडेपणा आहे. मला हा मुद्दा पटत नाही. ते 400 डॉलर गेलेच आहेत. आता एवढंच पाहायचं की पुढच्या 380 डॉलरनी काय मिळतं आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनं तेच स्वस्तात मिळेल का. समजा तुम्ही ही रायफल विकून टिक्कासारखी चांगली रायफल घ्यायची ठरवलीत. जुनीचे फार तर अडीचशे येतील. नवी साडेआठशेला धरली तर ॲलेघेनी काउंटीच्या 7 टक्के करासह 910 च्या आसपास जाते. म्हणजे खिशातून 660 जातात. त्यामानानं स्टॉक बदलणं स्वस्तच आहे.

पण तुमचा खरा आकडा 380 नाही. आजची बाकी महिना 150 नं 14 महिन्यांत फिटते. त्यात 380 ची भर घातली की तेच हप्ते सतराव्या-अठराव्या महिन्यापर्यंत जातात आणि तुम्ही जवळपास 520 डॉलर जास्त भरता. लाकडाच्या तुकड्यासाठी बँकेला 140 डॉलर द्यायचे, हे मला तुमच्यासाठी मान्य नाही. कार्डावर हा खर्च करू नका. एवढं मी अगदी ठामपणे सांगतो.

आता रायफलीकडे वळू. तुमच्यासारख्या स्वस्त बोल्ट-ॲक्शन रायफलींत (दर गोळीला हातानं बोल्ट मागे-पुढे करायच्या) कंपन्या पैसे वाचवतात ते मुख्यतः स्टॉकमध्येच. नळी आणि ॲक्शन (गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) सहसा किमतीच्या मानानं फार चांगली असतात. साच्यातून काढलेला प्लास्टिकचा पुढचा भाग लवचीक असतो. बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून भार दिला किंवा पट्टा ताणला की तो नळीला टेकतो, आणि मग गोळी दर वेळी तिथंच जात नाही. तुमच्या रायफलीत हेच घडतंय का, ते फुकटात कळेल. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. एक डॉलरची नोट नळी आणि स्टॉकच्या मधून पुढून मागे सरकवा. नंतर पुढचा भाग हातानं दाबून पुन्हा तेच करा. नोट अडली तर आतून सँडपेपरनं थोडं घासणं आणि पोकळीत इपॉक्सीत ॲल्युमिनियमच्या जुन्या बाणाच्या नळ्या बसवणं, हा उपाय अमेरिकेत हौशी लोक वर्षानुवर्षं करत आलेत. त्याला वीस-तीस डॉलर पुरतात. स्कोपचे आणि ॲक्शनचे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे तितकेच घट्ट, आहेत का तेही पाहा. मग दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांच्या डब्या आणा. शिकारीच्या वीस गोळ्यांची डबी तीस-चाळीस डॉलरला पडते. गोळी बदलल्यावर ग्रुप (गोळ्या जेवढ्या जागेत पडतात तो घेर) लहान होणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तो सराव स्टॉकपेक्षा जास्त कामाचा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात हरिण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं आणि त्याचा मर्मभाग साधारण आठ इंचांचा असतो. अडीच इंचांच्या ग्रुपनं या हंगामात तुमचं काहीही अडत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जिला तुम्ही फारसं महत्त्व दिलेलं नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्या पत्रात तीच मोलाची आहे. तुमच्या पत्नीलाही शिकायचंय, पण त्यांची उंची पाच फूट आहे आणि ही रायफल त्यांना खांद्याला लांब पडते. लांब पडणारा स्टॉक म्हणजे मान ताणायची, डोळा स्कोपपासून नको तितका मागे राहायचा आणि झटका खांद्याच्या चुकीच्या जागी बसायचा. असं शिकणारं माणूस दोन डब्यांत कंटाळतं, आणि तसं झालं तर मला खरंच वाईट वाटेल. इथं स्टॉक बदलणं अगदी योग्य आहे. बॉइड्सचा ॲट-वन नावाचा स्टॉक आहे, त्याची लांबी आणि गालाखालची उंची बटण दाबून बदलते. तुमच्या 230 मध्ये किंवा थोडे जास्त घालून तो मिळतो. त्यांच्यासाठी वेगळी आखूड रायफल घ्यायची तर पुन्हा चारशे. तुम्ही दोघं आलटून पालटून जाणार असाल तर हा स्टॉक त्या दुसऱ्या रायफलीचे पैसे वाचवतो. गनस्मिथचं 150 चं बेडिंग मात्र आत्ता सोडून द्या. आधी नुसता बसवून गोळ्या झाडून पाहा.

त्यामुळे माझा क्रम असा. या हंगामात कंपनीचाच स्टॉक, वरच्या छोट्या दुरुस्त्यांसह. वसंतात टॅक्स रिफंड आला की तो आधी पूर्ण कार्डात भरा. बाकी शून्य झाली की त्याच 150 मधून दोन महिन्यांत स्टॉकचे पैसे रोख उभे राहतात. हंगामाच्या तोंडावर तो बदलू नका, कारण बदलल्यावर स्कोप पुन्हा झिरो करावा (नेम आणि गोळीची जागा जुळवावी) लागतो आणि तुमच्याकडचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो.

फेडरल कायद्यानं बंदूक म्हणजे रिसीव्हर, ॲक्शनचा मुख्य सांगाडा, त्यामुळे नुसता स्टॉक थेट घरी मागवता येतो, डीलरची ट्रान्स्फर फी लागत नाही. मात्र ऑर्डर देताना ॲक्शनची लांबी, मॅगझिनचा प्रकार आणि नळीची जाडी तंतोतंत जुळवा. जुना प्लास्टिकचा स्टॉक फेकू नका. रायफल पुढे कधी विकलीत तर नव्या स्टॉकचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. तेव्हा जुना परत चढवून विका आणि लाकडाचा वेगळा विका. आणि पत्नीच्या मापाचा अंदाज पैसे खर्च करण्याआधीच घ्या: रेंजवर कुणाची आखूड स्टॉकची रायफल असेल तर त्यांना ती पाच-दहा वेळा खांद्याला लावू द्या, आणि त्या स्टॉकचं ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंतचं माप लिहून ठेवा.