उसवू की राहू देऊ?

"मॅडम, विणताना एक टाका जरी चुकलेला दिसला, तरी मला सगळं उसवावंच लागतं. हा काही आजार आहे का?" बावीस वर्षांच्या समुपदेशनात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटू लागले. विचारणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात, कधी एखादा निवृत्त गृहस्थही असतो. मन रमावे म्हणून कोणीतरी हातात सुया दिलेल्या असतात आणि काही महिन्यांत त्याच सुयांची धास्ती बसलेली असते. अंगावर घालता येईल असे काहीच पूर्ण होत नाही आणि विणकामाच्या पिशवीत पुन्हापुन्हा उसवून कुरळी झालेली लोकर साठत राहते.

या सगळ्यांच्या वतीने मी एकीची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणत असे, म्हणून इथेही ताईच म्हणते.

ताई साठीच्या उंबरठ्यावरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. लेकीला सातवा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. बाळंतविडा स्वतःच्या हातांनी करायचा असे ताईंनी ठरवले होते. दुपटे, कुंची आणि मोजे झाले होते, पण स्वेटरची पाठ पुढे सरकत नव्हती. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत विणायचे, एखादी चूक दिसली की सुई काढून घ्यायची आणि पट्टीपर्यंत उसवायचे, असे अडीच महिने चालले होते. झोप उडाली होती, छातीत धडधडत असे, आणि शेवटी लेकीनेच त्यांना माझ्याकडे पाठवले.

पहिल्याच भेटीत मी त्यांना विणकाम घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून फिक्या पिवळ्या लोकरीचा गुंडा काढला. बाहेरच्या चार-पाच वेढ्यांची लोकर वाफवलेल्या शेवयांसारखी वळ्यावळ्यांची झाली होती, आत मात्र ती अजून सरळ आणि मऊ होती. ते पाहूनच ताईंचे अडीच महिने कसे गेले असतील याची मला कल्पना आली. मग आम्ही दोघींनी मिळून एक हिशेब केला. पाठ 84 ओळींची होती. एकूण किती ओळी विणून झाल्या असतील, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी बँकेतल्या सवयीने कागदावर आकडे मांडले. उत्तर पाचशेच्या वर गेले, म्हणजे अशा सहा पाठी विणून झाल्या असत्या. सुईवर त्या दिवशी होत्या 31 ओळी.

त्या 31 ओळींतही एक चूक होतीच. सुलट बाजूने सुलट आणि उलट बाजूने उलट अशी साधी वीण, आणि चौदाव्या ओळीत डाव्या कडेपासून नववा टाका उलट पडलेला. सपाट विणीवर तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ उठल्यासारखी दिसत होती. मलाही विणता येते, त्यामुळे मी म्हणाले, "ताई, यासाठी सगळं कशाला उसवायचं? फक्त तो एक उभा टाका चौदाव्या ओळीपर्यंत सोडा, तिथे तो सुलट करून घ्या आणि क्रोशाच्या सुईने एकेक ओळ उचलत वर या. दहा मिनिटांचं काम आहे."

"ते मला येतं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तसं केलं तर इतरांना दिसणार नाही. पण तिथे चूक झाली होती, हे मला माहीत असणार ना!"

मी पुढे काही बोलले नाही, कारण सगळा गुंता त्या एका वाक्यात आला होता. दुरुस्ती करायची असेल तर दहा मिनिटे पुरतात. ताईंना चूक दुरुस्त करायची नव्हती, ती कधी झालीच नव्हती असे करायचे होते, आणि त्यासाठी कितीही लोकर उसवली तरी ती पुरी पडणार नव्हती. तेव्हापासून असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच विचारते, की तुम्ही टाका नीट करायला उसवता आहात की झालेली चूक पुसून टाकायला?

तिसऱ्या भेटीत शाळेची आठवण निघाली. पाचवी-सहावीत शिवण-विणकामाचा तास असे. ताईंनी मफलर विणायला घेतला होता, मध्ये दोन टाके वाढले होते. बाईंनी तो वर्गासमोर उंच धरला, सुई ओढून काढली आणि लोकरीचे टोक धरून खेचत राहिल्या. "सरसर असा आवाज येत होता आणि मुली हसत होत्या," ताई म्हणाल्या. हे सांगताना त्यांची बोटे ओढणीच्या काठावरून पुन्हापुन्हा फिरत होती.

अशा ठिकाणी पुष्कळ समुपदेशक थांबतात. मूळ सापडले, असे त्यांना वाटते, आणि समोरच्या व्यक्तीलाही ते वाटून बरे वाटते. माझा विचार थोडा वेगळा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली, तिच्या मुशीत मी घडले आहे, आणि त्या पद्धतीचा मला पटलेला गाभा असा, की जुना प्रसंग कितीही खरा असला, तरी आज आपल्याला छळते ते त्या प्रसंगावरून आपण तेव्हा बांधलेले आणि आजही स्वतःला ऐकवत असलेले वाक्य. म्हणून मी ताईंना विचारले, "बाईंनी ती सुई एकदा ओढली. गेल्या अडीच महिन्यांत ती कोण ओढतंय?"

ताई बराच वेळ गप्प होत्या. मीही गप्प राहिले. नव्याने समुपदेशन करू लागलेल्यांना ही शांतता असह्य होते आणि ते काहीतरी समजूत घालून ती मोडतात. मला ती न मोडायला शिकायला दहा वर्षे लागली. शेवटी ताईंनी पिशवीतली पाठ मांडीवर घेतली, सुई घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मीच."

त्यानंतर "विहीणबाई काय म्हणतील" हेही बाहेर आले. बारशाला बाळंतविडा मांडलेला असतो, बायका एकेक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहतात, आणि विहीणबाईंचे विणकाम नातेवाइकांत नावाजलेले. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, "अहो, कोणाच्या लक्षातही येणार नाही." मी हे वाक्य कटाक्षाने टाळते. एक तर ते खोटे ठरू शकते, कारण विणणाऱ्या बाईला उलट पडलेला टाका दिसतोच. दुसरे म्हणजे, त्याने भीती तशीच राहते, "लक्षात आलं तर मात्र भयंकर" हे आपणही मान्य केल्यासारखे होते. लक्षात आलेले सोसता येते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वादविवादाने मिळत नाही, ते करून पाहावे लागते.

म्हणून मी ताईंना वीस टाक्यांचा एक चौकोन विणायला सांगितला. त्यात मुद्दाम तीन चुका करायच्या आणि तो भिशीच्या मैत्रिणींना काहीही खुलासा न करता दाखवायचा. ताईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी ते केले. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितलेले मी जसेच्या तसे देते. एकीने लोकर कुठून आणली ते विचारले. दुसरीने चौकोन पालथा केला, बोट ठेवले आणि म्हणाली, "हा इथे उलटा पडलाय बघ." ताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. त्या म्हणाल्या, "हो, पडलाय खरा." मग चहा आला.

"आणि धडधड?" मी विचारले.

"चहा येईपर्यंत होती."

आमच्या सगळ्या भेटींतला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. आत्मविश्वास वाढला, असे मोघम काहीतरी त्या म्हणाल्या असत्या तर मी तितकीशी समाधानी झाले नसते. धडधड झाली, किती वेळ झाली आणि ती ओसरली, हे त्यांनी स्वतः मोजले होते.

मराठीतला "च" हा किती लहान प्रत्यय आहे! "चूक नसावी" ही इच्छा आहे आणि ती चांगल्या कारागिराला शोभते. "चूक नसावीच" म्हटले की तिचा हुकूम होतो, आणि हुकूम मोडला की शिक्षा आलीच. ताईंना मी इच्छा सोडायला कधीच सांगितले नाही, सोडायचा होता तो हा "च". "राहू द्या हो, परिपूर्ण कोणीच नसतं" अशा उपदेशाने विणणाऱ्याचा अपमान होतो, असे माझे मत आहे. चांगले विणण्याची आस असलेल्या माणसाला निष्काळजी व्हायला सांगणे हा काही उपाय नव्हे.

कारण उसवणे पुष्कळदा योग्यच असते. माझ्याकडे आलेली एक तरुणी काखेच्या उताराला दोन टाके कमी करायचे विसरली होती, ते तिला कळलेही होते, तरी ती सहा इंच पुढे विणत गेली. तिला उसवायची भीती वाटत होती, कारण उसवणे म्हणजे चूक कबूल करणे. ताई आणि ती, दोघींचे दुखणे एकच होते. निवाडा टाक्याने करायचा असतो, तो दोघींच्या बाबतीत भीती करत होती.

टाक्याने करायचा निवाडा फार अवघड नसतो. सुटलेला टाका एकेका ओळीने खाली धावत जातो, त्यामुळे त्याला त्याच क्षणी पिन लावून थांबवावे आणि उचलून घ्यावे, तिथे विचार करत बसू नये. टाक्यांची संख्या, उंची किंवा गळ्या-बाहीचे उतार चुकले असतील तर कपडा अंगाला बसणार नाही, म्हणून उसवावे, आणि जितके लवकर उसवाल तितके बरे. नक्षी एका टाक्याने सरकली असेल तर पुढची प्रत्येक ओळ त्या चुकीवर उभी राहते, तिथेही मागे जावे. चूक एक-दोन ओळींखाली असेल तर सुई न काढता टाका टाका करून उलटे परतावे. केवळ दिसण्यापुरती एकट्या टाक्याची चूक असेल, तर ताईंना सांगितला तसा तो एकच टाका सोडून उचलावा. रंग चुकला असेल तर शेवटी सुई-दोऱ्याने त्या टाक्यावरून योग्य रंगाची लोकर टाक्याच्याच वळणाने फिरवावी, किंवा तसेच राहू द्यावे. मोहेरसारखी केसाळ लोकर उसवताना तंतू एकमेकांत अडकतात, तिथे राहू देण्याकडे कल ठेवावा. उलट नेहमीची शुद्ध लोकर उसवली तरी वाया जात नाही. तिची लडी करून कोमट पाण्यातून काढली आणि सावलीत टांगून वाळवली की वळ्या बऱ्याच सुटतात. अवघड नक्षी घेण्याआधी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवला तर उसवण तिथेच थांबते. आणि एक नियम मी सर्वांना सांगते, की रात्री दमलेल्या डोळ्यांनी निर्णय घेऊ नये. विणकाम बाजूला ठेवावे आणि सकाळी हातभर अंतरावर धरून पाहावे.

हे सगळे करूनही उसवल्यावाचून चैन पडत नसेल, तासन्‌तास त्यात जात असतील, आणि कुलूप, गॅस, हात धुणे असे इतरत्रही पुन्हापुन्हा तेच होत असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे इंग्रजीत ज्याला ओसीडी म्हणतात तो आजार, असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

ताईंची पाठ पुढच्या दहा दिवसांत पूर्ण झाली. नंतर एकदा त्या जवळजवळ तयार झालेला स्वेटर घेऊन आल्या आणि मी सहज गळा ताणून पाहिला. टाके इतके घट्ट बंद केले होते, की पूर्ण ताणूनही तो 30 सेंटीमीटरच्या वर उघडेना. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटीमीटर असतो, जन्मतः तो छातीच्या घेराहूनही थोडा जास्तच असतो. तो स्वेटर बाळाच्या डोक्यातून गेलाच नसता. अडीच महिने ज्या डोळ्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी गाठ शोधली होती, त्या डोळ्यांना गळा दिसला नव्हता. भीतीने नजर तीक्ष्ण होते असा आपला समज असतो, पण मला तर ती भलतीकडेच वळलेली दिसते.

मी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी टेप मागितली, गळा मोजला आणि म्हणाल्या, "हे मात्र उसवायला हवं." माझ्यासमोरच त्यांनी शेवटचे टोक सोडवले. या वेळी ओढले नाही, एकेक टाका सुईवर घेत गेल्या. घरी जाऊन त्यांनी डाव्या खांद्यावर दोन बटणांची पट्टी काढली आणि टाके बंद करायला दहाऐवजी आठ नंबरची, म्हणजे जाड सुई घेतली, त्यामुळे काठ सैल आला.

पाठीवरचा तो नववा टाका त्यांनी दुरुस्त केला नाही. तो कसा सोडायचा हे त्यांना येत होते, वेळही होता, तरी ठेवला.

बारसे मार्गशीर्षात झाले. महिन्याभराने ताई भेटायला आल्या तेव्हा मी उत्सुकतेने विचारले, की विहीणबाईंनी स्वेटर हातात घेतल्यावर काय म्हटले?

"अहो, मी तेव्हा आत घुगऱ्या वाढत होते," ताई म्हणाल्या. "नंतर विचारायचं राहूनच गेलं."