कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांच्या कुटुंबांपर्यंत आमच्या मंडळाने मदत कशी पोहोचवावी?

आपले मंडळ सोलापूरचे आहे, यंदा १४ एप्रिलच्या सुमारास अग्निशमन दलातील हुतात्म्यांना अभिवादन करून वर्गणी गोळा करावी असा आपला विचार आहे, आणि ती रक्कम कोणाला व कशी द्यावी, असे आपण विचारले आहे. मी शहराच्या पूर्व भागात राहतो आणि तेथील एका सार्वजनिक मंडळाचा हिशेब पाहतो. कामावर असताना गेलेल्या माणसांच्या घरच्यांना मदत करण्याचे प्रसंग आमच्यावर आले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. रकमेची चिंता आपण नंतर करावी. आधी अशी दोन माणसे नेमावीत, जी त्या कुटुंबासोबत वर्षभर कार्यालयांत जाऊन बसतील.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी जहाजाला आग लागली, जवान पाण्याचा मारा करीत राहिले, आणि चार वाजून गेल्यावर थोड्याच अंतराने दोन स्फोट होऊन मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्यू पावले. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. कापसाची आग कशी असते, हे सोलापूरकराला वेगळे सांगण्याची गरज नाही. वरून विझलेली दिसणारी गाठ आत तासन्‌तास धुमसत असते. ती ओढून बाहेर काढावी लागते, फोडावी लागते, पाणी आतपर्यंत मुरवावे लागते, आणि तोवर जवान धुरातच उभा असतो. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचे प्राण गेले, ते दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत. जवान आत शिरलेले असताना जळती इमारत कोसळली तर काय होते, ते मुंबईच्या काळबादेवीत मे २०१५ मध्ये दिसले. दलप्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी त्या एका घटनेत गेले. अभिवादनाच्या वेळी ही माहिती सविस्तर सांगावी, कारण पुष्कळांना हा सप्ताह का पाळतात हेच ठाऊक नसते.

आता कुटुंबांविषयी. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे अग्निशमन सेवा हे नगरपालिका आणि महानगरपालिकांचे काम आहे. त्यामुळे जवान हा बहुतेक ठिकाणी त्या त्या पालिकेचा कर्मचारी असतो, आणि पोलिसांसाठी असलेल्या सवलती त्याच्या घरच्यांना आपोआप मिळतील असे गृहीत धरता येत नाही. कायम सेवेतील जवानाच्या पत्नीला निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अनुकंपा नियुक्ती यांसाठी अर्ज करावे लागतात. गाडीवरचा चालक किंवा मदतनीस ठेकेदारामार्फत आलेला असेल, तर प्रश्न अधिक बिकट होतो. अशा वेळी ठेकेदाराने हात वर केले तरी भरपाईची जबाबदारी मूळ काम देणाऱ्या संस्थेवर येते, हे कुटुंबाला कोणीतरी ठामपणे सांगायला हवे. त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याला जोडलेल्या ईडीएलआय विम्यातून वारसांना ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. दुःखात बुडालेल्या घरात हे कोणाला आठवणार?

म्हणून पहिल्या भेटीत पासबुक मागून घ्यावे आणि आधीच्या दोन वर्षांच्या नोंदी बारकाईने पाहाव्यात. त्यात २० रुपयांची कपात दिसली तर ती बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते, आणि ४३६ रुपयांची दिसली तर जीवनज्योती योजनेची. दोन्हींत दोन-दोन लाखांचे संरक्षण असते, परंतु बँकेत दावा केल्याशिवाय पैसे येत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका ताईंना पतीच्या खात्यातून असे हप्ते जात होते याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि पंचनाम्याची प्रत नीट ठेवलेली होती. अडले ते नावावर. आडनाव तेलुगू असल्याने सेवापुस्तकात एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरेच लिहिलेले होते. पूर्व भागात ही अडचण घरोघरी आहे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून देण्यास खर्च किरकोळ येतो, पण ते सुचवणारा माणूस सोबत असावा लागतो.

रोख मदत द्यायची असेल तर ती थेट पत्नीच्या खात्यात जमा करावी. सासरची माणसे कितीही भली असली तरी माझे हेच मत आहे. मुले शाळेत असतील तर निम्मी रक्कम मुलांच्या नावे मुदत ठेवीत ठेवून तिचे व्याज दर जूनमध्ये वह्या, गणवेश आणि शुल्काच्या वेळी हाती येईल अशी व्यवस्था करावी. अमेरिकेत कर्तव्यावर गेलेल्या जवानांसाठी एमिट्सबर्ग येथे राष्ट्रीय स्मारक आहे आणि ते सांभाळणारी संस्था त्यांच्या जोडीदारांना व मुलांना शिष्यवृत्तीही देते. आपल्या मंडळाला एका मुलीचे बारावीपर्यंतचे शिक्षण जरी पेलता आले तरी ते मोठे काम ठरेल.

वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी गणेशोत्सवासाठी घेता तशी याही कामासाठी वेगळी घ्यावी, पावतीपुस्तक स्वतंत्र ठेवावे, आणि या पैशातून मांडव किंवा ध्वनिक्षेपकाचा खर्च मुळीच करू नये. तो खर्च मंडळाने आपल्या शिलकीतून करावा.

१४ एप्रिललाच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती असते आणि शहरातील अग्निशमन गाड्या व जवान त्या दिवशी बंदोबस्तात गुंतलेले असतात. आपला कार्यक्रम २० तारखेच्या आत दुसऱ्या एखाद्या सकाळी ठेवला तर जवानांना येणे शक्य होईल. त्यासाठी अग्निशमन केंद्रात जाऊन अधिकाऱ्यांना आधी भेटावे, त्यांच्याकडून मृत जवानांची नावे हुद्द्यासह लिहून घ्यावीत आणि छायाचित्र लावण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी. त्या वहिनींना व्यासपीठावर बोलावून, हातात मोठा धनादेश देऊन फोटो काढण्याचा प्रकार कृपया टाळावा. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, नावे वाचली जात असताना सर्वांनी उभे राहावे, आणि रक्कम त्याच आठवड्यात खात्यात जमा झाल्याची पावती आपल्या त्या दोन कार्यकर्त्यांनी त्यांच्या घरी नेऊन द्यावी.